हवेला नाव नसतं, विजया

विजया, तुझ्या कॉलेजात शोकसभा झाली. तुझ्या पदव्या सांगून झाल्या, तू कुठे शिकलीस, कुठे निबंध वाचलेस, तेही सांगून झालं. मग मला बोलायला उठवलं आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "आमचं कधी पटायचं नाही." समोरची माणसं चमकली. तुझे प्राचार्य खाली बघायला लागले. तू असतीस तर पहिल्या रांगेत बसून हसली असतीस. मी तेवढ्यावरच खाली बसले. जे तिथे राहिलं ते इथे लिहितेय.

कारण पटायचं नाही हे खरंच होतं. तू दौंडच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवणारी, मी शिरूर तालुक्यात सरकारी डॉक्टर. तुझा पहिला फोन आला तेव्हा मी ओपीडीत होते. तू म्हणालीस, "मॅडम, एमआयडीसीतल्या एका कंपनीकडे कोण बाई कुठल्या विभागात काम करते हे आहे. तुमच्याकडे कोण बाई कशासाठी आली हे आहे. दोन्ही जोडून बघायचंय. पण कुणाचं नाव कुणाला न दिसता." मला वाटलं, ही बाई जादूचे प्रयोग लावणार आहे. मी म्हणाले, "नाव दिसल्याशिवाय जोडणार कसं?" तू म्हणालीस, "तेच तर माझं काम आहे."

त्या वेळी मला एक गोष्ट छळत होती आणि ती मी कुणाजवळ बोलले नव्हते. मांडवगण फराट्याच्या बाजूने कंपनीच्या बसने कामाला जाणाऱ्या बाया माझ्याकडे येत. दिवस राहत आणि दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात गर्भ पडे. एकीचं झालं, मग दुसरीचं. सासू म्हणायची हिच्यातच काहीतरी खोट आहे, नवरा म्हणायचा दुसरा डॉक्टर बघू. मला संशय कंपनीतल्या रंगाच्या विभागाचा होता. ते त्याला पेंट शॉप म्हणतात, जिथे सुट्या भागांवर रंगाचे फवारे मारतात. पण माझ्याकडे येणारी बाई कुठल्या विभागात काम करते हे मला कळायला मार्ग नव्हता, आणि कंपनीला तिच्या पोटाचं काही कळू नये हेही खरं होतं. तुझा फोन आला आणि मला पहिल्यांदा वाटलं, यातून वाट निघेल.

मग आपण तिघं जमलो. तू, मी, आणि कंपनीच्या बाजूने सबनीस साहेब, मनुष्यबळ विभागाचे. जिल्ह्याच्या आरोग्य खात्यानेही होकार दिला, कारण त्यांना बाकीच्या तालुक्यांसाठी नमुना हवा होता: कारखाना, सरकार आणि संशोधक यांनी माणसांची माहिती एकत्र कशी बघायची, आणि माणूस उघडा न पाडता कशी बघायची. कागदावर ते फार छान दिसत होतं. पहिल्या बैठकीत सबनीस सारखे घड्याळाकडे बघत होते, मी त्यांच्याकडे संशयाने बघत होते, आणि तू आम्हा दोघांना फळ्यावर काहीतरी समजावत होतीस. दोघांनाही फारसं कळलं नव्हतं. हे आता सांगायला हरकत नाही.

मांडवगणातली सभा मात्र मला लख्ख आठवते. देवळाच्या सभामंडपात दुपारची. बाया कामावर जायच्या आधी आल्या होत्या, डबे घेऊनच. तू माइक बाजूला ठेवलास आणि त्यांच्यात जाऊन बसलीस. कॉलेजात बोलायचीस ती भाषा कुठल्या कुठे गेली. मागून एकीने विचारलं, "म्हंजी ताई, आमचं नाव कंपनीत कळनार न्हाई ना? आन् घरी?"

"न्हाई कळनार," तू म्हणालीस. "आन् उद्या तुमचं मन फिरलं तर मला निस्ता फोन करा. तुमचं काढून टाकीन. का ते इचारनार न्हाई."

"न्हाई इचारनार?"

"न्हाई."

मला तेव्हा वाटलं, सभेत असं बोलावंच लागतं. तू ते शब्दशः पाळणार आहेस हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

वर्षभराने आकडे आले. खरा तक्ता फक्त तुझ्या-माझ्यापुढे होता. माझा संशय खरा निघाला. पेंट शॉपची ओळ बाकीच्यांत उठून दिसत होती. मला वाईट वाटायला हवं होतं, पण आधी आनंद झाला, की आता हे दाखवता येईल. तुझा चेहरा मात्र पडला. तू म्हणालीस, "दुसऱ्या शिफ्टला पेंट शॉपमध्ये मूठभर बाया आहेत मॅडम. ही ओळ छापली की त्या सगळ्या छापल्या."

मी म्हणाले, "नावं कुठे आहेत?"

पुढच्या बैठकीला कंपनीत गेलो तेव्हा तुझ्या पिशवीत एक तक्ता होता. सबनीस म्हणालेच, "मॅडम, नाव नाही, गाव नाही, यात कुणाला काय कळणार? आम्हाला विभाग आणि शिफ्ट कळली तर आम्ही लगेच कामाला लागू." ते मनापासून म्हणत होते. तू तो तक्ता त्यांच्यापुढे सरकवलास. "साहेब, ही एक ओळ वाचा."

त्यांनी चष्मा वर करून वाचली आणि सहज बोलून गेले, "ही म्हणजे ती आपली... दिवाळीनंतर सुटीवर होती ती ना? अरे, तिला असं झालं होतं?"

"आकडे खोटे आहेत साहेब," तू म्हणालीस. "मी घरी बसून मनाने लिहिलेत. पण तुमच्या डोळ्यांपुढे बाई खरी आली ना?"

चहा आला, तो तसाच राहिला. शेवटी ते म्हणाले, "वाईट हे आहे मॅडम, की आकडे खोटे आहेत हे कळूनही, उद्या ती समोर आली की मला ते आठवणार." त्या दिवसापासून ते आपले झाले. आधी ते कंपनीचे होते.

पण मी तुझी झाले नाही. परतताना गाडीत आपण भांडलो. न्हावऱ्याच्या पुढे उसाच्या दोन ट्रॉल्यांच्या मागे अडकलो होतो, पुढे जाता येईना, आणि माझा आवाज चढत गेला. मी म्हणाले, "तू त्या बायांना झाकत नाहीस, त्यांचा आजार झाकतेस. आकडा दाखवला नाही तर तिथे धूर ओढणारा पंखा कोण बसवणार?"

रागावलीस की तुझीही भाषा गावाकडे वळायची. "आन् आकडा दाखवला, तिच्या सासूला कळलं, नवऱ्यानं तिला म्हायेरी धाडली, तर तुमचा पंखा तिच्या काय कामाचा?"

"आणि उद्या जी नवीन मुलगी त्या पाळीला लागेल तिचं काय? तिला तर कुणी काही वचनही दिलेलं नाही."

ट्रॉल्या मागे पडल्यावर तू म्हणालीस, "तिचंच कळत न्हाई मला." मला जिंकल्यासारखं वाटलं नाही. चौफुल्याला उतरून आपण चहा घेतला आणि तिथे तू मला पहिल्यांदा मॅडम न म्हणता "ए डॉक्टर, तू साखर घेतेस का?" असं विचारलंस. आपली मैत्री त्या चहापासून धरावी असं मला वाटतं.

ओळ छापायची का हे बायांनाच विचारू, हे तुझं. कुठे विचारायचं, हे माझं. कंपनीत विचारणं शक्य नव्हतं, घरी तर नाहीच. मी म्हणाले, लसीकरणाच्या दिवशी उपकेंद्रावर बोलाव. त्या दिवशी तिथे आलेल्या बाईला का आलीस असं कुणी विचारत नाही. कोण कोण ती यादी फक्त तुझ्याकडे होती; एकेकीला तू आतल्या खोलीत बसवून सगळं सांगितलंस. काय छापलं जाईल, त्यातून काय ओळखू येऊ शकेल, फायदा काय, धोका काय. बहुतेकींनी हो म्हटलं. एक तर म्हणाली, "ताई, माझं नाव घालूनच छापा, मला काय कुनाचं भ्या न्हाई." तू तिलाही समजावलंस की नाव घालायचं नसतं, तेव्हा ती हिरमुसली.

आणि एक म्हणाली, "माझं नगं."

बाहेर तिची सासू नातवंडाला घेऊन बसली होती. तू मान हलवलीस. तिला पाणी दिलंस आणि मुलांच्या शाळेचं विचारलंस. दुसरं काही नाही. ती गेल्यावर मी आत आले आणि म्हणाले, "आता?"

"आता काय. तिला एकटीला वगळून बाकीच्यांचा आकडा छापला, तर वगळली कोण हे पाळीतल्या कुणालाही कळेल. सगळीच ओळ काढायची."

"अगं, समजाव की तिला! मी बोलते हवं तर."

"तू बोललीस तर ती हो म्हणेल," तू म्हणालीस. "तू डॉक्टर आहेस. तिच्या पोराला ताप आला की तिला तुझ्याच दारात यायचंय. म्हणून तर तू बोलायचं नाहीस."

मी तेव्हा खोलीतून निघून गेले. काही आठवडे आपण फक्त कामापुरतं बोललो. विजया, आजही मला पटलेलं नाही. एका बाईच्या नाहीमुळे इतक्या जणींचं दुखणं कागदावरून गेलं. जिल्ह्याला जो अहवाल गेला त्यात त्या जागी लिहिलंय, ‘संख्या अल्प असल्याने तपशील देता येत नाही.’ ते वाक्य मला अजून टोचतं, तरी इथेही मी गाव आणि पाळी बदलूनच लिहिलंय. पण त्या खोलीतून बाहेर पडताना त्या बाईचा चेहरा मी बघितला होता. तिला कुणीतरी पहिल्यांदाच काहीतरी नाही म्हणू दिलं होतं, असा तो चेहरा होता. तोही माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. या दोन्हींचं काय करायचं ते तूच सांगायला हवं होतंस.

वाट मग तूच काढलीस. सबनिसांना म्हणालीस, "बायांना मोजू नका साहेब, हवा मोजा. हवेला नाव नसतं."

"पण का मोजायची, हे मला वर सांगावं लागेल."

"सगळ्याच विभागांत मोजा. मग एकाच विभागाचं कारण द्यावं लागणार नाही."

सबनिसांनी ते करून घ्यायला किती खेटे घातले ते त्यांनाच ठाऊक. त्यांच्या वरिष्ठांना वाटलं, कॉलेजवाल्यांनी याला भरीला घातलंय. तरी हवा मोजली गेली. पेंट शॉपची हवा वाईट निघाली. तिथे नवीन पंखे, नवीन गाळण्या बसल्या, आणि एक नियम आला, की कुठल्याही बाईने विभाग बदलून मागितला तर कारण न विचारता बदलून द्यायचा. ‘कारण न विचारता’ हे शब्द तू घालायला लावलेस. त्यानंतर त्या बसमधल्या बाया माझ्याकडे बाळंतपणाला आल्या. सगळ्यांचं नीट झालं असं नाही म्हणणार, पण आल्या. एकीला मुलगी झाली, त्याचे पेढे घेऊन मी दौंडला तुझ्याकडे आले होते. कुणाकडचे ते सांगितलं नाही. तूही विचारलं नाहीस, दोन खाल्लेस.

मी म्हणायचे, या एका कारखान्यातलं निभावलं, पण बाकीच्या कारखान्यांतल्या बायांना कुणी सांगायचं? आकडा नाही तर पुरावा नाही. तुझं उत्तर तयार होतं. एक कारखाना घेतला म्हणून मूठभर बाया उघड्या पडतात. अनेक कारखाने एकत्र घेतले, शिरूर-दौंड दोन्ही तालुके घेतले, की आकडा मोठा होतो आणि मोठ्या आकड्यात बाई सुरक्षित राहते. आजारही दिसतो आणि बाई दिसत नाही. आपल्या भांडणाला तेवढं एकच उत्तर होतं. त्यासाठी तू कंपन्यांचे उंबरे झिजवलेस. बऱ्याच ठिकाणी तुला रिसेप्शनवरूनच परत पाठवलं. दोन कंपन्या तयार झाल्या. जिल्ह्यातले नवे अधिकारी म्हणाले, प्रस्ताव आणा. तो प्रस्ताव आपण दोघींनी लिहायचा होता.

त्याच सुमारास तू माझ्या दवाखान्यात आलीस. दार लावून घेतलंस, पडदा ओढलास आणि समोरच्या स्टुलावर बसलीस. "मैत्रीण म्हणून नाही आले. पेशंट म्हणून आलेय," म्हणालीस. मी तुला तपासलं.

तुझ्या आजाराचं नाव मी इथे लिहीत नाही. तू नको म्हणाली होतीस.

त्यावरूनही आपण भांडलो. मी म्हणत होते, आईला सांग, निदान भावाला सांग. तू म्हणालीस, "भावाला सांगीन. आईला नाही." तुझे वडील मेंढरं घेऊन घाटापर्यंत जायचे तेव्हा तुझी आई तुला पाठीशी बांधून चालली होती. तू शाळेत जावीस म्हणून तिने नवऱ्याशी भांडून एका गावात बिऱ्हाड केलं. तिने पुष्कळ सोसलंय, तू म्हणायचीस, आता आणखी नको. पुण्याला उपचाराला मी तुला घेऊन जायचे आणि तू घरी फोनवर सांगायचीस, "आई, बैठक आहे." मला ते खोटं आवडत नव्हतं. पण ते तुझं होतं. मी गाडी चालवायचे.

एकदा परतताना तू म्हणालीस, "डॉक्टर, तू ती ओळ छापली असतीस ना?" मी म्हणाले, हो. तू म्हणालीस, "तू छापली असतीस म्हणूनच मला नीट विचार करावा लागला." आणि झोपलीस. मला तेव्हा गाडी बाजूला घेऊन तुला काहीतरी म्हणायचं होतं. काय, ते आता शब्दांत येत नाही. तुला भेटण्याआधी माझ्यासाठी बाई म्हणजे केस होती, तुला भेटल्यावर ती आधी बाई झाली, असं काहीतरी. म्हणाले नाही. वाटलं, झोपू दे.

तू गेलीस त्या संध्याकाळी सबनिसांचा फोन आला. "काय झालं होतं, असं मी विचारणार नाही डॉक्टर," ते म्हणाले.

काल तुझ्या आईला भेटायला गेले. दुपार होती. भाऊ शेतावर गेला होता. आई ओसरीवर बसली होती, मला बघून उठायला लागली, मी बसवलं. तिने पाणी आणायला सुनेला सांगितलं आणि सून आत गेल्यावर हळूच विचारलं, "डॉक्टर, लई दुखत व्हतं का तिला?"

मी तुला शब्द दिला होता, आईला सांगायचं नाही.

माझ्याकडे बघून ती म्हणाली, "न्हाई सांगायचं तर नगं सांगू. मला म्हाईत व्हतं."

"केव्हापासून?"

"पायरी चढताना भिंतीला हात लावाया लागली, तवापासनं. मी इचारलं, काय झालं? म्हनली, पाय मुरगाळलाय. तिच्या मनात न्हाई मला सांगायचं, तर मी कशाला उकरून काढू? तिला वाटू दिलं, आयला काय कळलं न्हाई. तेवढंच तिला बरं वाटत आसंल." तिने पदराने तोंड पुसलं. "तुझ्यापाशी रडायची का?"

"रडायची," मी म्हणाले.

"मग झालं. कुनापाशी तरी रडली."

मी तिचा हात धरून बसले. मला इतके दिवस आलं नव्हतं ते रडू तिथे आलं, आणि तुझ्या आईनेच मला थोपटलं. सून पाणी घेऊन आली, ठेवून गेली. हे सगळं लिहू का, असं मी आईला निघताना विचारलं. म्हणाली, "लिही की. तिच्याबद्दल कुनीतरी लिवाया पायजे."

पण त्याआधी, मी शांत झाल्यावर, तिने पाय पोटाशी घेतले, भिंतीला टेकली आणि म्हणाली, "आता एक सांग मला. ती करायची काय? मला म्हनायची, आकड्यांचं काम हाय. मला वाटायचं, पोरान्ला गणित शिकवती. आन् मंग येवढ्या बाया कुठनं आल्या व्हत्या तिच्या मातीला? त्या काय शिकायला व्हत्या तिच्याकडं?"

तुझ्या मातीला त्या आल्या होत्या विजया. कंपनीच्या बसने कामाला जाणाऱ्या. डबे घेऊनच आल्या होत्या आणि कुणाशी न बोलता मागे उभ्या राहिल्या होत्या. मी सगळ्यांना ओळखलं होतं.

ऊन ओसरीवरून उतरेपर्यंत मी तुझ्या आईला सांगत बसले. तू काय शोधलंस, कशासाठी भांडलीस, कुणाला काय शब्द दिलास आणि तो कसा पाळलास. ती मधूनमधून "व्हय?" म्हणायची आणि पुढे ऐकायची. नावं सोडून मी तिला सगळं सांगितलं.